रॅम मोकळी दिसते, तरी ‘पेज अलोकेशन फेल्युअर’ येतो: लिनक्स सर्व्हरवर काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावरून आणि एरवी मिरज-कुपवाडच्या कारखान्यांतून, पतसंस्थांतून ही तक्रार माझ्याकडे येतच असते. मशीन वेगळं, सॉफ्टवेअर वेगळं, पण बिघाड तोच. त्यामुळे तो तपासण्याचा माझा क्रम आता ठरून गेला आहे, तो इथे सविस्तर देतो. आज्ञा आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, आणि सेटिंगच्या नावात दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर असतो.

लक्षणं

सर्व्हर बंद पडत नाही, मधूनच अडकतो. एसएसएचवर अक्षर टाइप केलं तर ते उमटायला काही सेकंद लागतात, मग सगळं एकदम सुटतं. ‘टॉप’ उघडलं तर केस्वॉपडी० किंवा केकॉम्पॅक्टडी० ही कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) कामं सगळ्यात वर दिसतात. सीपीयूचा वेळ तुमच्या प्रोग्रॅमपेक्षा ‘सिस्टिम’च्या खात्यावर जास्त पडलेला असतो. डेटाबेसची एरवी पटकन येणारी क्वेरी अधूनमधून रेंगाळते. ‘फ्री’ मारलं तर रॅम शिल्लक दिसते, आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, मात्र ‘पेज अलोकेशन फेल्युअर: ऑर्डर:५’ अशी ओळ आणि तिच्याखाली पानभर आकडे असतात. रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत. मग काही आठवड्यांनी पुन्हा तेच.

यावर बहुतेक ठिकाणी सुचवला जाणारा पहिला उपाय म्हणजे ‘रॅम वाढवा’. माझं म्हणणं असं आहे की त्या ओळीतला ऑर्डरचा आकडा वाचल्याशिवाय रॅमवर एक रुपयाही घालू नये. रॅम कमी पडणं हा एक आजार आणि रॅमचे तुकडे होणं हा दुसरा. दोन्हींची लक्षणं वरून सारखी असली तरी औषध वेगळं आहे.

पहिली तपासणी: लॉगमधली ओळ नीट वाचा

याला काही खर्च नाही, सर्व्हर थांबवावा लागत नाही, आणि निम्म्या केसेस इथेच उलगडतात. डीमेसेज ‘-टी’ (कॅपिटल टी) लावून चालवा म्हणजे वेळही दिसेल. रीस्टार्ट होऊन गेला असेल तर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ने आधीच्या बूटचा लॉग मिळतो, मात्र जर्नल डिस्कवर साठवण्याची सोय आधी चालू असायला हवी.

‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ असं असेल तर रॅम खरंच संपली होती. ‘मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी’ असेल तर मशीनची रॅम संपलेली नाही, त्या कंटेनरला किंवा सर्व्हिसला घातलेली मर्यादा संपली. ती मर्यादा वाढवा किंवा प्रोग्रॅमची भूक कमी करा, पुढचं काही वाचायची गरज नाही. ‘पेज अलोकेशन फेल्युअर’ असेल तर ऑर्डर बघा.

कर्नल रॅम पानापानाने वाटतं. आपल्या नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर एक पान ४ केबीचं. ऑर्डर ० म्हणजे एक पान, ऑर्डर १ म्हणजे सलग दोन पानं, ऑर्डर २ म्हणजे सलग चार, असं दुपटीने वाढत ऑर्डर १०पर्यंत, म्हणजे ४ एमबीपर्यंत जातं. इथे ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण ही पानं प्रत्यक्ष रॅमवर शेजारी-शेजारीच हवी असतात.

ऑर्डर ०चा फेल्युअर असेल तर त्या क्षणी रॅम खरोखर तळाला गेली होती. ऑर्डर ४, ५, ९ असेल तर रॅम असूनही सलग मिळाली नाही. मधली सीमा ऑर्डर ३ची, म्हणजे ३२ केबीची. तिथपर्यंतच्या साध्या मागणीसाठी कर्नल जिवाचं रान करतं, पानं मोकळी करतं, वेळ पडली तर एखादी प्रोसेस मारतं. त्याच्या वरच्या मागणीला मात्र ते थोडे प्रयत्न करून ‘नाही’ म्हणून मोकळं होतं. म्हणून मोठ्या ऑर्डरच्या ओळी लॉगमध्ये जास्त दिसतात.

त्याच ओळीत ‘मोड’ असतो. तिथे जीएफपी ॲटॉमिक लिहिलं असेल तर मागणी करणारा थांबू शकत नव्हता. बहुतेकदा तो नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर असतो. इंटरप्टमध्ये असताना त्याला रॅम मोकळी व्हायची वाट बघता येत नाही, त्यामुळे जे हाताशी आहे तेच मिळतं. अशा ओळी क्वचित, एखाद-दुसरी येत असतील आणि कुणाची तक्रार नसेल तर सोडून द्या. पॅकेट गळतं, टीसीपी ते पुन्हा पाठवतं. रोज झुंबड उडत असेल तरच पुढे जा.

दुसरी तपासणी: ‘फ्री’मधला योग्य रकाना

‘फ्री -एच’मध्ये ‘फ्री’ हा रकाना बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. ‘अव्हेलेबल’ बघा. रिकामी रॅम कर्नल डिस्कच्या कॅशसाठी वापरतं आणि मागितली की परत देतं, हा हिशेब ‘अव्हेलेबल’मध्ये धरलेला असतो. तोच आकडा सतत तळाला असेल तर तुमचा आजार पहिला, रॅम कमी पडण्याचा. मग रॅम वाढवणं किंवा डेटाबेसचे बफर आवरणं हाच सरळ मार्ग.

इथेच क्रॉनही, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादीही, बघून घ्या. कितीतरी सर्व्हरवर दर तासाला ‘ड्रॉप कॅशेस’मध्ये ३ लिहिणारी ओळ मला सापडते. ती काढून टाका. कॅश फेकून दिली की काही सलग जागा तात्पुरती मोकळी होते, म्हणून उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. पण पुढच्या तासाभरात तोच डेटा डिस्कवरून पुन्हा वाचावा लागतो, आणि खरा बिघाड झाकला जातो. कॅशची वाढ आवरण्यासाठी ही सोय नाही, असं कर्नलच्या दस्तऐवजातच स्पष्ट म्हटलं आहे.

स्वॅप, म्हणजे रॅममधली पानं ठेवायला डिस्कवर राखलेली जागा, अजिबात नसेल तर थोडी द्या. स्वॅप नसलेल्या मशीनवर प्रोग्रॅमची निजलेली पानं बाजूला टाकता येत नाहीत, आणि सगळा भार फाइल कॅशवर येतो.

तिसरी तपासणी: बडीइन्फो

या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, म्हणून इथे जरा वेळ काढा. ‘कॅट /प्रॉक/बडीइन्फो’ चालवा. झोननिहाय, म्हणजे कर्नलने रॅमचे जे भाग पाडलेत त्यांच्यानुसार, ओळी येतात: डीएमए, डीएमए३२, नॉर्मल. प्रत्येक ओळीत अकरा आकडे, डावीकडून ऑर्डर ० ते ऑर्डर १०. आकडा म्हणजे त्या मापाचे किती तुकडे मोकळे आहेत. एका काट्यावरच्या सर्व्हरची ही ओळ नमुन्यादाखल घ्या:

नोड ०, झोन नॉर्मल: ४८२१५ ११०४२ ९३७ ४१ ३ ० ० ० ० ० ०

हिशेब करू. ४८२१५ तुकडे ४ केबीचे, ११०४२ तुकडे ८ केबीचे, ९३७ तुकडे १६चे, ४१ तुकडे ३२चे आणि ३ तुकडे ६४ केबीचे. बेरीज साधारण २९० एमबी. म्हणजे २९० एमबी मोकळी आहे, आणि सलग १२८ केबीचा एकही तुकडा नाही. या मशीनवर ऊस घेऊन आलेल्या गाडीचा फोटो घेणारं कॅप्चर कार्ड होतं. त्याचा ड्रायव्हर प्रत्येक वेळी डिव्हाइस उघडताना ऑर्डर ५ मागायचा. मिळालं नाही की कॅमेरा उघडत नाही, फोटो नाही म्हणून वजनाची पावती निघत नाही, आणि काट्यामागे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागते. या सर्व्हरला आणखी १६ जीबी रॅम घातली असती तर रांग काही आठवडे उशिरा लागली असती, एवढंच.

असं का होतं? तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याचे बॉक्स रचलेले बघा. माल येत-जात राहतो आणि रॅकवर इथे एका बॉक्सची, तिथे दोन बॉक्सची जागा पडत जाते. मोजली तर टेम्पोभर मालाची जागा निघेल, पण एखाद्याचा अख्खा लॉट सलग लावायला जागा नसते. हमाल लावून माल सरकवला तर जागा होते, मात्र जो लॉट तारण ठेवलाय त्याला हात लावता येत नाही. कर्नलमध्येही सरकवता येणारी पानं असतात, ती प्रोग्रॅमची आणि फाइल कॅशची. आणि जागचं हलवता न येणारी पानं असतात, ती कर्नलच्या स्वतःच्या कामाची.

ही दोन प्रकारची पानं वेगवेगळ्या गटांत ठेवायची व्यवस्था मेल गॉरमन यांच्या कामातून २००८च्या सुरुवातीला, कर्नल २.६.२४मध्ये आली. पानं सरकवून जागा करण्याची सोय, म्हणजे कॉम्पॅक्शन, २०१०मध्ये २.६.३५त आली. त्यात एक शोध झोनच्या खालच्या टोकाकडून हलवण्याजोगी पानं गोळा करत वर येतो, दुसरा वरच्या टोकाकडून मोकळी जागा शोधत खाली येतो, आणि दोघांची गाठ पडली की फेरी संपते. व्यवस्था चांगली आहे, पण टंचाईत कर्नलला न हलणारं पान हलणाऱ्यांच्या गटात ठेवावंच लागतं. २ एमबीच्या गटात असं एक पान जरी बसलं, तरी तो अख्खा गट मोठ्या मागणीसाठी बाद. रात्रीच्या बॅकअपने सगळी रॅम फाइल कॅशने भरून टाकली, त्याच वेळी कर्नलने आपली छोटी पानं मागितली, की अशी पानं विखुरतात. रीस्टार्टने पाटी कोरी होते, म्हणून तो गुण देतो आणि म्हणूनच तो टिकत नाही.

बडीइन्फो एकदाच बघून निष्कर्ष काढू नका. रीस्टार्टनंतर लगेच, मग रोज बॅकअपच्या आधी आणि नंतर, अशी नोंद फाइलमध्ये जमवत जा. उजवीकडचे आकडे कुठल्या वेळी गळतात हे कळलं की गुन्हेगार निम्मा सापडला.

चौथी तपासणी: हाताने कॉम्पॅक्शन

रात्री किंवा शिफ्ट बदलताना, काम कमी असेल तेव्हा, रूट होऊन /प्रॉक/सिस/व्हीएम/कॉम्पॅक्ट मेमरी या फाइलीत १ लिहा. आधी आणि नंतर बडीइन्फो घ्या. सर्व्हर काही क्षण जड होईल, म्हणून गर्दीच्या वेळी करू नका.

उजवीकडे आकडे भरले तर बातमी चांगली: पानं हलवता येतात, कर्नलला फक्त वेळेवर हलवायला लावायचं आहे. कर्नल ५.९ किंवा नवं असेल तर ‘कॉम्पॅक्शन प्रोॲक्टिव्हनेस’ हे सेटिंग मिळतं. मूळ किंमत २०, मर्यादा १००. मी हळूहळू वर नेतो, एकदम टोकाला नाही, कारण वाढवाल तसं पार्श्वभूमीत सीपीयू खर्च होतो. सेंटओएस ७वर अजून कितीतरी सर्व्हर चालतात. त्याचं कर्नल ३.१० मालिकेतलं, आणि ३० जून २०२४ला त्याचा पाठिंबाही संपला. तिथे ही फाइलच सापडणार नाही. अशा मशीनवर सेटिंगशी झुंजण्यापेक्षा नव्या वितरणावर जायची तारीख ठरवा.

आकडे हलले नाहीत तर न हलणारी पानं पसरली आहेत. मग पाचवी वाचा, पण मुख्य उत्तर सातवीत आहे.

पाचवी तपासणी: ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस

लॉगमध्ये फेल्युअरची ओळ नाही, पण सर्व्हर अडकतो, अशा वेळी हे आधी बघा. २ एमबीचं मोठं पान म्हणजे ऑर्डर ९. /सिस/कर्नल/एमएम/ट्रान्सपरंट ह्यूजपेज या फोल्डरमध्ये ‘एनेबल्ड’ आणि ‘डीफ्रॅग’ अशा दोन फाइली आहेत. चौकटी कंसातला पर्याय चालू असतो. ‘डीफ्रॅग’ला ‘ऑलवेज’ असेल तर प्रोग्रॅमने रॅमला हात लावताच त्याच क्षणी त्याला थांबवून कॉम्पॅक्शन सुरू होतं. डेटाबेस रेंगाळतो तो इथे. /प्रॉक/व्हीएमस्टॅटमध्ये ‘कॉम्पॅक्ट स्टॉल’ आणि ‘कॉम्पॅक्ट फेल’ हे आकडे अडकण्याच्या आधी आणि नंतर बघा. दोन्ही भराभर चढत असतील तर शंका नको.

‘डीफ्रॅग’ला ‘डिफर’ किंवा ‘एमॲडव्हाइज’ करा. पहिल्याने काम पार्श्वभूमीवर जातं, दुसऱ्याने फक्त मागणाऱ्यालाच थांबावं लागतं. रेडिस (रॅममध्येच डेटा ठेवणारा डेटाबेस) असेल तर ‘एनेबल्ड’ सरळ ‘नेव्हर’ करा, रेडिसचं स्वतःचं मार्गदर्शन तेच सांगतं. बाकी डेटाबेसच्या बाबतीत त्या-त्या आवृत्तीचं मार्गदर्शन वाचून ठरवा, ऐकीव सल्ल्यावर नको. हा बदल रीस्टार्टनंतर टिकत नाही, तो बूटच्या ओळीत किंवा सर्व्हिसमध्ये घालावा लागतो.

सहावी तपासणी: राखीव साठा आणि जाग येण्याची वेळ

प्रत्येक झोनला तीन खुणा असतात: मिन, लो, हाय. मोकळी रॅम ‘लो’च्या खाली गेली की केस्वॉपडी उठतं आणि ‘हाय’ गाठेपर्यंत पानं मोकळी करतं. त्याला वेळेवर जमलं नाही आणि ‘मिन’ आला, की मागणारा प्रोग्रॅम स्वतःच पानं मोकळी करायला जुंपला जातो. तुम्हाला जाणवणारा अडकण्याचा प्रकार बहुतेकदा हाच. व्हीएमस्टॅटमधला ‘ॲलॉकस्टॉल’ त्याची मोजणी ठेवतो.

‘मिन फ्री केबाइट्स’ वाढवलं की जीएफपी ॲटॉमिकवाल्यांसाठी राखीव साठा वाढतो. १६ जीबीच्या मशीनवर कर्नलच्या मूळ सूत्राने हा आकडा साधारण १६ एमबी येतो. ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस चालू असतील तर कर्नल तो स्वतःच वाढवतं. म्हणून आधी चालू किंमत वाचा, मग दुप्पट करून बघा. अंदाधुंद मोठा आकडा टाकलात तर कर्नलला रॅम पुरेनाशी होऊन प्रोसेस मरायला लागतात, आणि हे लगेच घडतं.

मला यापेक्षा ‘वॉटरमार्क स्केल फॅक्टर’ जास्त आवडतो. तो खुणांमधलं अंतर ठरवतो. मूळ किंमत १०, म्हणजे रॅमच्या ०.१ टक्का: १६ जीबीवर जेमतेम १६ एमबी. बॅकअपसारखं काम एवढं अंतर पापणी लवायच्या आत खातं. १०० केलंत तर अंतर १ टक्का होतं, १६० एमबीच्या आसपास, आणि केस्वॉपडीला जागं होऊन काम करायला उसंत मिळते. हे कर्नल ४.६पासून आहे.

एका वेळी एकच सेटिंग बदला. आधी सिससीटीएलने तात्पुरतं बदला आणि एक पूर्ण आठवडा, त्यातला एक मोठ्या बॅकअपचा दिवस धरून, बघा. मगच फाइलीत कायम करा.

दोन प्रोसेसरचा सर्व्हर असेल तर ‘न्यूमास्टॅट’ही बघा. एका प्रोसेसरच्या बाजूची रॅम संपलेली आणि दुसऱ्याची पडून, असं असेल तर डेटाबेस एकाच नोडला बांधला आहे का ते तपासा.

सातवी तपासणी: न हलणारी पानं कुणाची?

‘स्लॅबटॉप’ (कर्नलने स्वतःसाठी घेतलेल्या रॅमचा हिशेब) चालवा आणि मेमइन्फोमधला ‘एसअनरिक्लेम’, म्हणजे त्यातला मोकळा करून घेता न येणारा भाग, रोज लिहून ठेवा. तो दिवसेंदिवस वाढतच असेल, सर्व्हरवरचं काम तेवढंच असूनही, तर कुठला तरी ड्रायव्हर रॅम घेऊन परत देत नाही. आधी कर्नल आणि ड्रायव्हर अद्ययावत करा. रूट होऊन /प्रॉक/पेजटाइपइन्फो बघितलंत तर ‘अनमूव्हेबल’ गटांची संख्या वेगळी कळते.

कॅप्चर कार्डासारखा मोठी सलग जागा मागणारा ड्रायव्हर असेल तर त्याला ती बूट होतानाच द्यायची, रॅम अखंड असते तेव्हा. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये बफर लोड होतानाच धरून ठेवायचा पर्याय असेल तर तो चालू करा आणि मॉड्यूल पुन्हा पुन्हा काढू-घालू नका. ड्रायव्हर सीएमए (सलग रॅम राखून ठेवणारी कर्नलची सोय) वापरत असेल तर बूटच्या ओळीत तिचा राखीव भाग देता येतो, कर्नल ३.५पासून. काट्याच्या सर्व्हरवर शेवटी हेच लागू पडलं: बफर बूटलाच धरला आणि त्या हंगामात ऑर्डर ५ची ओळ लॉगमध्ये परत दिसली नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हार्डवेअरसाठी खरोखरच सलग जागा लागत नसेल, तर त्याने ‘केव्हीमॅलॉक’ वापरावं. सलग मिळालं नाही तर ते सुटी पानं जोडून देतं. ही विनंती मी कंपन्यांना आवर्जून लेखी पाठवतो.

आठवी तपासणी: रॅमची पट्टी

सर्व्हर थांबवावा लागतो, म्हणून शेवटी. मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही चूक निघाली तर पट्टी बदला, ‘एकच आहे’ म्हणून चालवून घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमधल्या केबिनमध्ये सर्व्हर असेल तर चाचणी दुपारीही घ्या, कारण रात्री पास झालेली पट्टी दुपारी नापास होऊ शकते.

कुठे थांबायचं

लॉगमध्ये ‘बॅड पेज स्टेट’ किंवा ‘हार्डवेअर एरर’ दिसलं तर त्याच क्षणी सेटिंगला हात लावणं बंद. बॅकअप घ्या, तोही आधीच्या चांगल्या बॅकअपवर न लिहिता, आणि हार्डवेअरच्या माणसाला बोलवा. पानांच्या नोंदीच बिघडल्या असतील तर डेटाबेसमध्ये चुकीची रक्कम लिहिली जाण्याचा धोका आहे.

सर्व्हर पतसंस्थेचा, बँकेचा किंवा रुग्णालयाचा असेल तर चौथ्या तपासणीच्या पुढे स्वतः जाऊ नका. लेखी परवानगी आणि सपोर्ट करार असलेल्या कंपनीचा माणूस, दोन्ही हवेत. ‘एसअनरिक्लेम’ अद्ययावत कर्नलवरही चढत असेल, किंवा कर्नल ‘टेंटेड’ दाखवत असेल, म्हणजे बहुतेकदा बाहेरचा ड्रायव्हर बसवलेला असेल, तर तो ड्रायव्हर देणाऱ्यांनीच बघायला हवं. कर्नलमध्ये सर्वात मोठी ऑर्डर बदलून नव्याने बांधा, असा सल्ला कुणी दिला तर चालत्या सर्व्हरवर तो मानू नका. ते कर्नलवर रोज काम करणाऱ्याचं काम आहे.

बोलवाल त्याच्या हातात हे द्या: फेल्युअरच्या ओळीपासून खालचे सगळे आकडे संपेपर्यंतचा अख्खा लॉग, फोटो नव्हे, मजकूर. कर्नलची आवृत्ती आणि अपटाइम. बडीइन्फो, पेजटाइपइन्फो, स्लॅबइन्फो आणि व्हीएमस्टॅट, प्रत्येकाच्या दोन प्रती: एक रीस्टार्टनंतरची, एक अडकलेल्या वेळची. आणि तुम्ही काय काय बदललं त्याची तारीखवार यादी. अडकलेला सर्व्हर रीस्टार्ट करण्याआधी या चार फाइली वाचून घेणारी छोटी स्क्रिप्ट आजच लिहून ठेवा आणि शिफ्टच्या ऑपरेटरला ती चालवायला शिकवा, कारण बिघाड येतो तेव्हा सर्व्हरसमोर बहुतेकदा तोच असतो.